धाकट्याच्या वाट्याचा हंडा

राजाचं बारावं वर्ष, दुसरा महिना, नववा दिवस

जीलिन,

मी बोयान, तुझा दादा. मिठाचा व्यापारी दुआन उद्या तुमच्या बाजूला निघालाय, त्याच्या गाडीत पत्राच्या या बांबूच्या पट्ट्या टाकतोय. दुआन बोलका माणूस आहे. तो सांगेल त्यातलं निम्मं सोडून दे.

बाबा उतरणीला लागले आहेत. डोळे मागच्या पानगळीतच गेले, आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. राळ्याची पेज दोन घास जाते, तिसऱ्याला मान वळवतात. वैद्य म्हणाला, उन्हाळा काढतील. त्यापुढचं त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. तुला गुरुजींकडे जाऊन सात वर्षं झाली. बाबा तुझं नाव घेत नाहीत. फक्त भांडी भाजायला आवा पेटवायच्या दिवशी विचारतात, लाकूड कोण रचतंय? मी म्हणतो, मीच. मग नुसतं ‘हूं’ करतात. ते काम तुझं होतं.

गावात आपल्या हंड्याची कुजबुज सुरू झाली आहे. आजोबांनी सरदाराच्या पितृमंदिराची कौलं भाजली, तेव्हा मिळालेला तो काशाचा तीन पायांचा हंडा. पूर्वजांच्या ओट्यावर काशाचं भांडं असलेला दुसरा कुंभार या नदीकाठी नाही. सगळे धरूनच चाललेत की तो बाबांबरोबर मातीत जाणार. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

आणखी एक. उत्तरेच्या तटबंदीच्या कामाला आपल्या वाडीतून नऊ माणसं नेली. यादीत तू नाहीस. तेव्हा वाटेत कुणी हटकेल म्हणून घाबरू नकोस. थोडे दिवस का होईना, ये.

दादा

—

बारावं वर्ष, तिसरा महिना, विसावा दिवस

दादा, वाकून नमस्कार.

पत्र मिळालं. बाबांचं वाचून दिवसभर कशात लक्ष लागलं नाही. पण आत्ता येणं जमणार नाही. राजाचे काका वारले आहेत. त्यांच्या थडग्यात रथ, घोडे, रेशमाची ठाणं आणि दोन दालनं भरून काशाची भांडी जाणार आहेत. तीन हजार माणसं नांगर टाकून खोदकामाला लागली आहेत. गुरुजी दरबारात जाऊन हे थांबवायची विनंती करणार आहेत आणि आम्ही तीस जण त्यांच्यामागे उभे राहणार आहोत. मी एकटा घरी निघून आलो तर शेजारच्याला काय सांगू?

हंड्याविषयी लिहिलंस म्हणून स्पष्ट लिहितो. गुरुजी सांगतात, कुठलीही वस्तू उचलण्याआधी तिला विचारावं, तू कुणाची भूक भागवतेस, कुणाची थंडी घालवतेस? तिच्याकडे उत्तर नसेल, तर समजावं की ती आपल्याकडे नाही, आपण तिच्याकडे चाकरीला आहोत. दादा, त्या हंड्याने साठ वर्षांत कुणाचं पोट भरलं? आई तो दर पौर्णिमेला राखेने घासायची, आणि तेव्हा आपल्या पायात चपला नव्हत्या. बाबांना समजाव. तो वितळवला तर वाडीला बारा कुदळी होतील.

राग मानू नकोस, पण तुझ्या कामाविषयीही मनात येतं. मेलेल्यांसाठी भांडी करायची, ज्यात पाणी राहत नाही, अन्न शिजत नाही. तुझ्यासारखे हात आणि असलं काम. मी इथे एका अंगरख्यावर राहतो. ओझं म्हणून काही राहिलेलं नाही. कधीकधी वाटतं, तुलाही हे हलकेपण मिळायला हवं.

वहिनींना नमस्कार.

जीलिन

—

बारावं वर्ष, चौथा महिना, अकरावा दिवस

जीलिन,

तुझं पत्र तुझ्या वहिनीला वाचून दाखवलं. ती शेंगा सोलत होती. म्हणाली, “भाऊजींना विचारा, ते हलकेपण राखायला गुरुजींच्या घरी पेज कोण शिजवतं? आणि कशात?” मी म्हटलं, हे नाही लिहीत. तरी लिहिलं.

माझ्या कामाचं म्हणालास ते खरं आहे. काल सहा सुरया केल्या, एकीच्याही चोचीला भोक नाही. हे सगळं मी निम्मंच भाजतो, बाबांनी तसंच शिकवलं. पक्कं भाजलं तर ते जिवंतांचं होतं, घरची माणसं त्या भांड्याकडे बघून वाट बघत बसतात. कच्चं दिलं तर तो चिखल, आणि आपलं माणूस चिखलाच्या लायकीचं होतं असं त्यांना वाटतं. म्हणून मधलं काहीतरी द्यायचं. तीस वर्षं मी ते मधलं शोधतोय आणि आता खांदे भरून येतात.

गेल्या आठवड्यात नदीपलीकडून एक बाई आली. नवरा पुरात गेलेला. मातीची चूल आणि वर भांडं, असं हवं होतं. मी तयार होतं ते दाखवलं. तिने विचारलं, “झाकण निघतं का याचं?”

“नाही बाई, एकसंधच असतं.”

“मग तो खाणार कसा?”

“तो खाणार नाही.”

“ते मला माहीत आहे,” ती म्हणाली. “तरी झाकण निघणारं करा.”

करून दिलं. तुझ्या गुरुजींनी त्या झाकणाला विचारलं असतं तर ते गप्पच बसलं असतं. बाई मात्र ते उराशी धरून गेली. मला तुझ्यासारखं बोलता येत नाही, पण वस्तू एकतर माणसाची चाकर किंवा मालकीण, असं दोनच प्रकारचं नातं असतं हे मला पटत नाही.

बाबांना आता धरून बसवावं लागतं. हंड्याचं माझ्यावर सोड.

दादा

—

बारावं वर्ष, सहावा महिना, तिसरा दिवस

जीलिन,

बाबा परवा सकाळी गेले. वाट पाहायची नाही असं वैद्याने सांगितलं होतं, उष्मा फार आहे. काल नदीच्या वरच्या उतारावर, आईच्या बाजूला ठेवलं. सगळं रीतसर झालं. वाडीतली माणसं आली होती. दुआनही नेमका त्या दिवशी इथेच होता.

त्रास झाला नाही. आदल्या दिवशी शुद्धीवर होते आणि तुझ्याविषयी बोलले. काय ते भेटशील तेव्हा सांगेन, पट्टीवर लिहिण्यासारखं नाही.

सुतकाचे तागाचे कपडे घालून बसलो आहे. चाक बंद आहे. पाठ टेकली की झोप लागते, जागा झालो की पुन्हा दमलेलाच असतो.

दादा

—

बारावं वर्ष, आठवा महिना, दुसरा दिवस

दादा,

बाबा गेल्याचं कळलं त्या दिवसापासून मीही ताग नेसलो आहे. तुझं पत्र घेऊन दुआन आला, आणि त्याने जे सांगितलं ते ऐकून मला चारचौघांत मान खाली घालावी लागली.

तो आमच्या ओसरीवर सगळ्यांसमोर सांगत होता, “काय थाट होता म्हणून सांगू. कुंभाराची मयत, पण शवपेटीच्या उशाला काशाचा हंडा. काळाभोर, चकचकीत. अख्खी वाडी बघत राहिली.” गुरुजी तिथेच बसले होते. ते उठून आत गेले. दरबारातून आम्हाला हाकलून लावलं ते दुसऱ्याच दिवशी. राजाच्या काकांसाठी दोन दालनं गाडली गेली, आणि माझ्या स्वतःच्या भावाने त्याच्या ऐपतीप्रमाणे तेच केलं.

मी एवढं लिहिलं होतं. तू ‘माझ्यावर सोड’ म्हणालास, मी सोडलं. तुला लोकांनी मान डोलावलेली हवी होती. बारा कुदळी झाल्या असत्या, दादा. त्या हंड्याने तुला शेवटपर्यंत राबवलं, आणि आता तो जमिनीखालून राबवेल.

वर्षश्राद्धाला मी येणार नाही. बाबांसाठी जे करायचं ते इथेच करीन. तू मला लिहिलं नाहीस तरी चालेल.

जीलिन

—

बारावं वर्ष, नववा महिना, पंधरावा दिवस

जीलिन,

लिहिणार नव्हतो. तुझ्या वहिनीने पट्ट्या आणून समोर ठेवल्या आणि म्हणाली, “तुम्ही गप्प राहून दमताय. बोलून दमा.”

उशाला ठेवलेला हंडा मातीचा होता. मी केला. धुरात काळा भाजला, गारगोटीने चार दिवस घासला, कडेला आजोबांच्या हंड्यावरची ढगांची नक्षी तशीच कोरली. दुआनने दहा पावलांवरून पाहिला. त्याला कासं वाटलं, यात माझ्या हाताचं कौतुक आहे, ते मी घेतो.

खरा हंडा या वर्षाच्या पहिल्याच महिन्यात घरातून गेला. तटबंदीच्या भरतीचा सरकारी कामदार यादी घेऊन आला, तेव्हा त्यात तुझं नाव पहिलं होतं. मी नोंदलेला कारागीर, मला नेता येत नाही. बाबा म्हातारे. राहिलास तू. कामदार म्हणाला, “तुझा भाऊ कुठे आहे ते आम्हाला माहीत आहे. दोन शिपाई पाठवले की झालं.” बोलताना त्याची नजर ओट्यावर गेली. “हंडा छान आहे,” म्हणाला. मी म्हटलं, हो, जुना आहे. मग त्याने तुझ्या नावापुढे ‘पायाने अधू’ असं लिहिलं, आणि मी हंडा पोत्यात घालून त्याच्या गाडीपर्यंत नेऊन दिला.

आता हे ऐक, कारण एवढंच मला रात्रंदिवस टोचतंय. वाडीने नऊ माणसं द्यायची होती. तुझं नाव खोडल्यावर आठ राहिली. कामदाराने तिथेच आजूबाजूला पाहिलं आणि शेजारच्या गाओचं नाव लिहिलं. चटया विणणारा गाओ. त्याला दोन लहान मुली. मी तिथेच उभा होतो, जीलिन. तोंड उघडलं नाही. मला वाटलं होतं, एक भांडं देऊन भाऊ ठेवून घेतला. हंड्याच्या बदल्यात गाओ गेला हे गाडी वळल्यावर डोक्यात आलं.

त्याच्या घरी आम्ही राळे पोचवतो. त्याची बायको दर खेपेला म्हणते, तुम्ही देवमाणूस आहात. मी मान खाली घालून परत येतो.

बाबांचं शेवटचं बोलणंही आता सांगून टाकतो. आदल्या दिवशी म्हणाले, हंडा जवळ आण. मी मातीचा आणून ठेवला. त्यांनी तळहात फिरवला. साठ वर्षं माती हाताळलेला माणूस, त्यांना काय कळलं असेल ते तूच समज. मग म्हणाले, “हा माझ्याबरोबर राहू दे. खरा धाकट्याला दे. त्याच्याकडे काही नाही.”

मी म्हटलं, “त्याच्याकडेच गेलाय, बाबा.”

त्यांनी छताकडे तोंड केलं. मग म्हणाले, “बरं झालं.”

हे असं आहे. तुला कमी लेखायला लिहीत नाही. लपवून ठेवण्याची ताकद संपली म्हणून लिहिलं. येऊ नकोस, कुणाला काही बोलू नकोस, तिथेच सुखाने राहा.

दादा

—

तेरावं वर्ष, पहिला महिना, सव्विसावा दिवस

दादा, वाकून नमस्कार.

मी उत्तरेच्या तटबंदीवर आहे. तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तिसऱ्या दिवशी निघालो. गुरुजींना म्हटलं, माझ्या जागी एक माणूस माती वाहतोय. ते म्हणाले, जा.

वाडीत आलो नाही. आलो असतो तर तू अडवलं असतंस. सरळ तालुक्याच्या कचेरीत गेलो. तो कामदार तिथेच होता. मी नाव सांगितलं. तो म्हणाला, “नोंदीत तू लंगडा आहेस.”

“मी चालत आलोय.”

“किती?”

“अकरा दिवस.”

त्याने दार लावून घेतलं. विचारलं, कुणी पाठवलं? मी म्हटलं, कुणी नाही. मी हंड्याचा शब्द काढणार नाही, तुम्ही गाओला सोडा आणि मला लिहा. तो घाबरला होता, दादा. मला वाटलं होतं राक्षस असेल. नाकाला सर्दी झालेला, माझ्याच वयाचा माणूस निघाला. त्याने नोंदीत लिहिलं, ‘पाय बरा झाला’. हंडा त्याच्याकडेही राहिला नव्हता, म्हणाला, वरच्या साहेबांनी नेला.

गाओला इथे भेटलो. ओळखलंच नाही, निम्मा झालाय. त्याला सांगितलं, सुटका झाली. तो खूश झाला नाही, नुसता खाली बसला. मग विचारलं, “आत्ता निघू? की टोपली पोचवून?” मी त्याच्या हातातून टोपली घेतली.

माझ्या मागच्या पत्राविषयी काय लिहू? ते जाळता आलं तर जाळ. ओझं नाही म्हणून मी मिरवत होतो, आणि ते सगळं तुझ्या पाठीवर होतं.

इथली थंडी हाडात शिरते. जाड अंगरखा आणि मोजे पाठवता आले तर पाठव. मागायला लाज वाटते, तरी मागतो.

जीलिन

—

तेरावं वर्ष, दुसरा महिना, एकोणतिसावा दिवस

जीलिन,

गाओ आला. दाराबाहेर बसून राहिला. धाकटी मुलगी त्याला घाबरून आत पळाली. खोकला फार आहे, पण आता कधीमधी चटईला हात लावतो. त्याने गेल्या आठवड्यात मला विचारलं, “तुझा भाऊ माझ्यासाठी का आला?” मी सगळं सांगितलं. हंड्यासकट. तो ऐकत राहिला, मग उठून घरी गेला. त्यानंतर त्याची बायको राळे घेत नाही. पोतं आमच्या उंबऱ्यावर परत ठेवून जाते. योग्यच आहे.

तू गेलास याचा मला राग आहे. तू गेलास म्हणून मला झोपही लागू लागली आहे. दोन्ही खरं आहे, आणि यातलं कुठलं तुला सांगावं हे ठरवण्याइतकं डोकं आता चालत नाही, म्हणून दोन्ही लिहिलं.

तुझ्या वहिनीने अंगरख्यात जुनं रेशीम पिंजून भरलंय आणि तिहेरी शिवण घातली आहे. शिवताना म्हणत होती, “मागायला लाज कसली वाटते म्हणे, घरच्या माणसांकडे.” मोजे दोन जोड आहेत. वाळवलेला मुळा आणि डाळीचा खारट लगदा आहे, तो पेजेत घाल, एकदम खाऊ नकोस.

दगडाखाली हात घालताना घाई करू नकोस. दमलेला माणूस घाईने वाचत नाही, चेंगरतो.

दादा

—

तेरावं वर्ष, सातवा महिना, पाचवा दिवस

दादा, वाकून नमस्कार.

हे पत्र मी सांगतोय, इथला एक कारकून लिहितोय. पाचव्या महिन्यात भिंतीचा एक भाग खचला. आम्ही चौघं खाली होतो, दोघं वाचलो. माझा उजवा खांदा मोडला. जुळला, पण वाकडा. हात कमरेच्या वर जात नाही. आता माझा इथे उपयोग नाही, म्हणून सोडलंय.

गुरुजींचा निरोप आला होता. जुना सोबती तो घेऊन मुद्दाम इथवर आला. ते दरबारादरबारांत माझी गोष्ट सांगतात म्हणे. परत ये, तुला बघून लोकांना पटेल, असं म्हणाले. सोबती मोठ्या आनंदाने सांगत होता. मी ऐकत होतो आणि मला आपल्या आव्याची आठवण येत होती. मी म्हटलं, गुरुजींना नमस्कार सांग, पण उचलून दाखवण्यासारखा मी राहिलो नाही. मला आता कुणाचं उदाहरण व्हायचं नाही, दादा. झोपायचं आहे.

घरी येऊ का? लाकूड रचता येणार नाही. एका हाताने काय होतं ते बघावं लागेल. जागा नसेल तर तसं सांग, वाईट वाटून घेणार नाही. उत्तराची वाट नदीच्या पलीकडे, धर्मशाळेत बघतो.

जीलिन

—

तेरावं वर्ष, सातवा महिना, एकविसावा दिवस

जीलिन,

जागा नसेल तर काय म्हणतोस. ये.

माती पायानेच तुडवतात, त्याला खांदा लागत नाही. तुझी वहिनी म्हणते, आधी महिनाभर जेवायला घालू, मग कामाचं बघू.

नदी फुगली आहे. खालचा उतार वाहून गेला, वरच्या उताराने ये. तिथे तराफा आहे. नावाडी बहिरा आहे, हाक मारून उपयोग नाही. काठावर उभं राहून हात वर करायचा, मग तो येतो. उजवा जात नसेल तर डावा कर. त्याला उशीर लागला तर चिडू नकोस, म्हातारा आहे.

हे पत्र पोचेल त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी अलीकडच्या काठावर येऊन बसेन.

दादा